एका हंगामाची बोली आणि सात वर्षांचं घर : कबड्डीच्या रेडरकडून धंद्याचा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'चांगल्या वर्षाचं काय करायचं?' हा विषय घेतला होता. व्हिडिओत आकडे भराभर सांगावे लागतात. म्हणून इथे सगळा हिशेब सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे आणि तो तुमच्या स्वतःच्या आकड्यांवर करायचा आहे.

उदाहरण घेतलंय प्रो कबड्डीतल्या रेडरचं. का? तर आपल्यापैकी कुणीच आपलं खरं उत्पन्न चारचौघांत सांगत नाही. शेजारच्या शेडवाल्याला यंदा किती सुटले, हे आपल्याला कधीच कळत नाही. पण कबड्डीपटूचा दर टीव्हीवर, सगळ्यांसमोर, हातोडा मारून ठरतो. कुणाचा दर वर गेला, कधी गेला, कधी कोसळला, सगळं उघड. धंद्याचं शिक्षण घ्यायला याहून उघडं पुस्तक मिळणार नाही.

रेडर म्हणजे एका माणसाचा धंदा

रेडर एकटा जातो. समोर सात जण, हातात तीस सेकंद. श्वास रोखून 'कबड्डी कबड्डी' म्हणत गुण घेऊन परत यायचं, नाहीतर पकडलं जायचं. त्याच्याकडे मशीन एकच, ते म्हणजे शरीर. ग्राहक मोजून बारा, म्हणजे लीगमधले बारा संघ. आणि सीझन वर्षातून एकदाच.

आता थोडं मागे जाऊ. प्रो कबड्डी लीग सुरू झाली २६ जुलै २०१४ ला. त्याआधी चांगल्या कबड्डीपटूचं स्वप्न होतं नोकरी. रेल्वे, पोलीस, सैन्यदल, बँका, मोठ्या कंपन्या यांचे संघ असायचे. खेळावर नोकरी मिळायची, पगार दर महिन्याला यायचा आणि गावोगावच्या स्पर्धांतलं बक्षीस वरकड. म्हणजे पाया पक्का आणि वर खेळ. लीग आली, पैसा आला, नाव झालं, पण क्रम उलटा झाला. आता खेळाचा पैसा मोठा आणि त्याखालचा पाया ज्याने त्याने स्वतः बांधायचा.

नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्या माणसाचं नेमकं हेच होतं. म्हणून हे उदाहरण तुमचं आहे.

सिद्धार्थ देसाई : सहा लिलाव

सिद्धार्थ देसाई हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा. उंच, भक्कम, पाच जण धरायला आले तरी त्यांना ओढत मधली रेषा गाठणारा. प्रेक्षकांनी त्याला 'बाहुबली' म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही. २०१८ च्या सहाव्या हंगामात तो यू मुंबाकडून पहिल्यांदा लीगमध्ये उतरला. पहिल्या चार सामन्यांतच त्याने रेडचे पन्नास गुण पूर्ण केले. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर रेडचे २१८ गुण होते. नवीन पोराने पहिल्याच वर्षी लीग हलवून टाकली होती.

आता त्याची लिलावातली बोली बघा, हंगामागणिक.

२०१८ : यू मुंबा, ३६ लाख ४० हजार
२०१९ : तेलुगू टायटन्स, १ कोटी ४५ लाख
२०२० : हंगामच झाला नाही
२०२१ : तेलुगू टायटन्स, १ कोटी ३० लाख
२०२२ : तेलुगू टायटन्स, २० लाख
२०२३ : हरियाणा स्टीलर्स, १ कोटी
२०२४ : दबंग दिल्ली, २६ लाख

ही यादी दोन मिनिटं नुसती बघत बसा. २०१९ मध्ये तो त्या लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू होता. तो हंगामही त्याने गाजवला, रेडचे २१७ गुण. मग कोविड आला. सातव्या हंगामाचा अंतिम सामना झाला १९ ऑक्टोबर २०१९ ला आणि आठवा हंगाम सुरू झाला २२ डिसेंबर २०२१ ला. मध्ये सव्वीस महिने लीगचा एकही सामना नाही. आठव्या हंगामात तो मोजके सामने खेळला आणि दुखापतीमुळे बाहेर बसला. त्या हंगामात त्याच्या संघाला बावीसपैकी एकच सामना जिंकता आला. पुढच्या लिलावात त्याच संघाने त्याला परत घेतलं, पण १ कोटी ३० लाखांच्या जागी वीस लाखांत. मग एक वर्ष गेलं आणि तोच खेळाडू पुन्हा एक कोटीला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बोली म्हणजे हातात पडलेले पैसे नव्हेत. कर आहे, इतर खर्च आहेत. सिद्धार्थने त्याचे पैसे कसे वापरले, कुठे गुंतवले हा त्याचा खासगी विषय आहे, आपला नाही. आपण फक्त बोलीच्या आकड्यांवर हिशेब शिकणार आहोत.

दर नेमका कशाचा असतो?

आपल्याला वाटतं, दर माणसाच्या गुणवत्तेचा असतो. मग प्रश्न पडतो, २०२१ ते २०२२ मध्ये सिद्धार्थची गुणवत्ता पंच्याऐंशी टक्क्यांनी कमी झाली का? आणि २०२३ मध्ये ती पाचपट वाढली का? कुठल्याही माणसाचं कौशल्य असं हलत नाही. दर मात्र हलतो. कारण दरात गुणवत्तेबरोबर आणखी तीन गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, ग्राहकाची तिजोरी. लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. आठव्या आणि नवव्या हंगामात ती ४ कोटी ४० लाख होती, दहाव्या हंगामात ५ कोटी झाली. एवढ्यातच अख्खा संघ उभा करायचा. म्हणजे १ कोटी ३० लाख एका रेडरवर घालणारा संघ आपल्या तिजोरीतला जवळपास तीस टक्के पैसा एकाच माणसावर लावत होता. ज्यांची तिजोरी आधीच रिकामी झालीय, त्यांना तुम्ही कितीही आवडलात तरी ते हात वर करू शकत नाहीत.

दुसरी, ग्राहकाकडे असलेली रिकामी जागा. ज्या संघाकडे दोन दमदार रेडर आधीच आहेत, त्याला तिसऱ्यासाठी कोटी मोजायची गरज नाही. ज्याच्याकडे एकही नाही, तो मोजतो. तुम्ही तेच, पण समोरच्याची गरज वेगळी, म्हणून दर वेगळा.

तिसरी, भीती. दुखापतीतून उठलेल्या खेळाडूबद्दल संघ विचारतो, 'हा पूर्ण हंगाम टिकेल का?' ही शंका दरातून वजा होते. आणि त्याने पुढचा हंगाम नीट खेळून दाखवला की तीच शंका गळून पडते, दर परत चढतो.

हे फक्त एकाच खेळाडूचं आहे असं समजू नका. पवन सेहरावत हा देशातल्या सर्वोत्तम रेडरपैकी एक. नवव्या हंगामासाठी तमिळ थलायवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं, आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो अख्ख्या हंगामाला मुकला. पुढे दहाव्या हंगामात त्याची बोली २ कोटी ६० लाखांच्या वर गेली, अकराव्यात १ कोटी ७२ लाख ५० हजारांवर आली आणि बाराव्यात ५९ लाख ५० हजारांवर. प्रदीप नरवालने लीगच्या इतिहासात रेडचे सगळ्यात जास्त गुण घेतले. आठव्या हंगामात १ कोटी ६५ लाखांची विक्रमी बोली त्याच्यावर लागली होती. २०२५ च्या लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली.

तर मित्रांनो, दर तुमच्या हातात पूर्णपणे कधीच नसतो. त्या दरावर घर आणि धंदा कसा बांधायचा, एवढं मात्र हातात असतं. तेच आता शिकू.

सरासरी फसवते, 'मधलं वर्ष' सांभाळतं

२०१८ ते २०२४ ही सात वर्षं धरा. सगळ्या बोलींची बेरीज करा : ४ कोटी ५७ लाख ४० हजार. सातने भागा : वर्षाला साधारण ६५ लाख. ऐकायला छान वाटतं, नाही का?

पण यादी पुन्हा बघा. सात वर्षांत ६५ लाखांच्या आसपासचं एक तरी वर्ष आहे का? एकही नाही. एकतर शंभर किंवा त्याच्या वर, नाहीतर चाळीसच्या खाली. सरासरी ही अशी रक्कम निघाली जी प्रत्यक्षात कधी आलीच नाही. चढ-उताराच्या धंद्यात सरासरीवर बजेट बांधणं म्हणजे पायऱ्या उंच-सखल असलेल्या जिन्यावरून डोळे मिटून चालणं.

मग काय करायचं? सातही वर्षं लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत लावा. लाखांत लिहू.

० – २० – २६ – ३६.४ – १०० – १३० – १४५

आता बरोब्बर मधला आकडा बघा. तीन त्याच्या डावीकडे, तीन उजवीकडे. ३६ लाख ४० हजार. गंमत बघा, हाच त्याचा पहिल्या वर्षाचा दर होता! मधल्या काळात कोट्यवधींची उड्डाणं झाली, पण 'साधारण वर्ष' जिथे होतं तिथेच राहिलं.

या मधल्या आकड्याला मी 'मधलं वर्ष' म्हणतो. घरखर्च, शाळेची फी, कर्जाचे हप्ते, कामगारांचे पगार, जागेचं भाडं, जे जे दरमहा जाणारच आहे ते सगळं मधल्या वर्षात बसलं पाहिजे. त्याच्यावर आलेला पैसा तुमचाच आहे, पण तो महिन्याचा नाही. तो पुढच्या वाईट वर्षाचा आहे.

इथे कुणीही हुशार माणूस विचारेल, 'सर, २०१९ मध्ये त्याच्या हातात दोनच आकडे होते. मधलं वर्ष तेव्हा कसं काढणार?' प्रश्न बरोबर आहे. नियम सोपा आहे : हातात पाच वर्षांचे आकडे येईपर्यंत, आतापर्यंतच्या सगळ्यात कमी वर्षावर घर चालवायचं. पाच झाले की मधलं वर्ष काढायला सुरुवात करायची.

तेच उत्पन्न, दोन घरं

आता एक काल्पनिक हिशेब करू. दोन घरं समजा. दोघांचं उत्पन्न अगदी सारखं, वरच्या यादीप्रमाणे. कर वगैरे सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

पहिलं घर ठरवतं, 'आपण वर्षाला ३६ लाख ४० हजारांतच राहायचं, काहीही होवो.' २०१८ ला शिल्लक शून्य. २०१९ ला मोठी बोली आली, १०८.६ लाख बाजूला. २०२० ला कमाई शून्य, घर चाललं, शिल्लक ७२.२. २०२१ नंतर १६५.८. २०२२ च्या पडत्या वर्षात थोडी घटून १४९.४. २०२३ नंतर २१३. आणि २०२४ संपताना २०२.६ लाख. म्हणजे सात वर्षं घर नीट चाललं आणि वर दोन कोटी हातात.

दुसरं घर २०१९ ची बोली बघतं आणि म्हणतं, 'आता आपण या लेव्हलचे झालो.' मोठा फ्लॅट, मोठी गाडी, सगळ्याचे हप्ते, वर्षाचा खर्च एक कोटी. तरी ते स्वतःला शहाणं समजतं, कारण १४५ पैकी ४५ लाख शिल्लक टाकलेत की! २०२० संपलं तेव्हा शिल्लक जाऊन ५५ लाखांचं देणं. २०२१ ला थोडं सावरलं, देणं २५ लाख. २०२२ ला देणं १०५ लाख. २०२३ मध्ये एक कोटी आले आणि एक कोटी गेले, देणं तेवढंच. २०२४ संपताना देणं १७९ लाख.

उत्पन्न एका रुपयानेही वेगळं नाही. एका घराकडे दोन कोटी शिल्लक, दुसऱ्याच्या डोक्यावर पावणेदोन कोटींहून जास्त कर्ज. आणि लक्षात घ्या, दुसऱ्या घराने जुगार खेळला नाही, व्यसन केलं नाही. त्यांनी एकच केलं : सगळ्यात चांगल्या वर्षाला साधारण वर्ष मानलं.

दुसरा रस्ता : अस्लम इनामदार

आता आपल्याजवळचं उदाहरण. संभाजीनगरहून नगर रोडने निघालं, कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातला अस्लम इनामदार.

अस्लम आठव्या हंगामात पुणेरी पलटणकडून आला, तो 'नवीन तरुण खेळाडू' या गटातून. या गटातल्या मुलांवर कोटींची बोली लागत नाही. मानधन ठरलेल्या चौकटीत मिळतं. म्हणजे दर कमी. त्याबदल्यात काय मिळतं? संघ, प्रशिक्षण, सामने आणि वेळ.

पुणेरी पलटणने त्या काळात तरुण मुलांचाच संघ बांधला. अस्लम, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. दरवर्षी नवीन मोठं नाव आणण्यापेक्षा तीच मुलं टिकवली. नवव्या हंगामात ते अंतिम सामन्यात पोहोचले आणि जयपूरकडून ३३-२९ असे हरले. त्यानंतर हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते. आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. त्या हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडूही अस्लमच ठरला.

पुढचा हंगाम मात्र वाईट गेला. अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली, तो बाहेर बसला आणि गतविजेता संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. आता सिद्धार्थचं आठवा. दुखापतीनंतरच्या लिलावात दर एकदम वीस लाखांवर आला होता. अस्लमला मात्र संघाने ठेवलं, कर्णधारपदही त्याच्याकडेच राहिलं आणि २०२५ च्या बाराव्या हंगामात तो संघाला पुन्हा अंतिम सामन्यात घेऊन गेला. दिल्लीकडून ते २८-३१ असे हरले, पण दुखापतीनंतरच्या वर्षात थेट फायनल.

यातून 'लिलाव वाईट, एकाच संघात राहणं चांगलं' असा निष्कर्ष काढू नका. लिलावाच्या रस्त्याने सिद्धार्थला जे चढे दर मिळाले, ते ठरलेल्या चौकटीत कधीच मिळाले नसते. आणि संघ खेळाडूला कायम ठेवेलच अशी हमी कुणी देत नाही. दोन्ही रस्त्यांची किंमत वेगवेगळी आहे, एवढंच. लिलावात चांगल्या वर्षी जास्त मिळतं आणि वाईट वर्ष तुम्ही एकटे भोगता. जुन्या नात्यात चांगल्या वर्षी थोडं कमी मिळतं, पण वाईट वर्षी समोरचा थोडा भार उचलतो.

तुमच्याकडेही हेच दोन प्रकारचे ग्राहक असतात. एक दरवर्षी नवीन कोटेशन मागवणारा आणि एक दहा वर्षं तुमच्याकडेच येणारा. पहिल्याकडून आलेला पैसा साठवायचा, दुसऱ्याच्या पैशावर घर चालवायचं. आणि जुन्या ग्राहकाने दर दोन टक्के कमी मागितला तर लगेच तोंड वाकडं करण्याआधी विचार करा, मागच्या मंदीत ऑर्डर कुणी बंद केली नव्हती?

अमेरिकेत काय होतं?

'आपल्याकडे पैसा कमी म्हणून ही अडचण, मोठ्या देशात असं नसेल,' असं कुणाला वाटत असेल तर अमेरिकन फुटबॉल बघा. तिथे वाइड रिसीव्हर नावाचा खेळाडू असतो. त्याचं काम साधारण आपल्या रेडरसारखंच एकट्याचं : कडेने सुसाट धावायचं, लांबून फेकलेला चेंडू हवेत झेलायचा आणि त्याच क्षणी अंगावर येणारा धक्का सोसायचा. २०११ पासून तिथे निवड प्रक्रियेतून आलेल्या नवीन खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि रक्कम तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला त्यावर जवळपास ठरलेली असते. खरा मोठा पैसा दुसऱ्या करारात. आणि तिथल्या खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द सांगते तीन-साडेतीन वर्षांची! म्हणजे दुसऱ्या कराराची वेळ येण्याआधीच बहुतेकांचा खेळ आटोपतो.

म्हणून तिथे करारावर सही करताना पहिला प्रश्न एकूण रकमेचा नसतो. 'यातली हमखास मिळणारी रक्कम किती?' हा असतो. आकडा कितीही मोठा छापून आला तरी हमखास भागच मोजायचा. आपणही हे शिकलं पाहिजे. कुणी म्हणालं, 'वर्षाला पन्नास लाखांचं काम देतो,' तर विचारा, 'पीओ कितीची देताय? ॲडव्हान्स किती?' बाकीचं काम आलं तर आनंदच आहे, पण त्याच्या भरवशावर मशीन बुक करायचं नाही.

आता वाळूजचं गणित

समजा, वाळूजमध्ये एक छोटं जॉबवर्कचं शेड आहे. मालकाचा पाच वर्षांचा नफा, घरात पैसे नेण्याआधीचा, असा : ६ लाख, ८ लाख, २१ लाख, ५ लाख, ९ लाख. तिसऱ्या वर्षी एका मोठ्या ग्राहकाची तातडीची ऑर्डर आली होती, म्हणून २१.

त्या तिसऱ्या वर्षी मशीन विकणारा येतो. 'साहेब, तुमचा नफा बघता महिन्याला साठ हजारांचा हप्ता म्हणजे काहीच नाही.' साठ हजार गुणिले बारा, ७ लाख २० हजार. २१ लाखांसमोर खरंच काही नाही. पण पुढचं वर्ष ५ लाखांचं निघालं. आता हप्त्यालाच २ लाख २० हजार कमी, घर कशावर चालवणार? बँकेला तुमची ऑर्डर बंद झाल्याचं कारण चालत नाही.

नियम लावून बघू. तिसऱ्या वर्षी त्याच्या हातात तीनच आकडे, म्हणून सगळ्यात कमी वर्ष धरायचं : ६ लाख. घराला वर्षाला ४ लाख लागतात असं समजा. उरले २ लाख. म्हणजे हप्ता महिन्याला साडेसोळा हजारांच्या वर नको. 'एवढ्यात मशीन कसं येणार?' येतं. कारण २१ लाखांतले १५ लाख बाजूला आहेत. त्यातले काही वाईट वर्षासाठी राखून, बाकी डाउन पेमेंटला घाला, कर्ज लहान घ्या. नाहीतर वापरलेलं मशीन घ्या. पाच वर्षं झाली की मधलं वर्ष काढा : ५, ६, ८, ९, २१. मधलं आलं ८ लाख. आता हप्त्याची मर्यादा वाढली, वर्षाला ४ लाख, महिन्याला साधारण तेहतीस हजार. तुमची पत वाढली, पण स्वतःच्या आकड्यांनी वाढली, विक्रेत्याच्या बोलण्याने नाही.

मग धंदा वाढवायचाच नाही का? वाढवायचा. सलग तीन वर्षं नफा मधल्या वर्षाच्या वर राहिला आणि तो एकाच ग्राहकामुळे नसेल, तर ती खरी वाढ आहे. दर मार्चला आकडे नव्याने मांडा. मधलं वर्ष आपोआप वर सरकेल.

मशीन एकच असेल तर

रेडरकडून आणखी एक गोष्ट घ्या. ज्याचं उत्पन्न एका शरीरावर आहे, त्याने देखभालीचा खर्च आधी काढायचा असतो. फिजिओ, आहार, विश्रांती, विमा. हे सगळं चैन वाटतं ते दुखापत होईपर्यंतच. तुमच्या धंद्यात तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर काम थांबतं का? थांबत असेल तर तुम्हीही रेडरच आहात. मग आरोग्य विमा, अपघात विमा आणि तुमचं काम येणारा दुसरा एक माणूस तयार करणं, या तीन गोष्टी यावर्षीच्या यादीत पहिल्या घ्या.

कबड्डी खेळणाऱ्या पोरांच्या आई-वडिलांसाठी

आपल्या शहरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, मराठवाड्यातल्या गावागावांत कबड्डीची मंडळं आहेत. पोरगं मैदानावर चमकायला लागलं की घरात एक कोटीच्या गोष्टी सुरू होतात. स्वप्न जरूर बघा. पण शिक्षण बंद करू नका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी पदाची शैक्षणिक पात्रताही लागते. म्हणून स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि मार्कशीट एकाच फाईलमध्ये जपून ठेवा. आणि निवड झालीच, तर पहिल्या मानधनातून गाडी घेऊ नका. आधी त्या रकमेत घर किती महिने चालेल ते काढा.

गृहपाठ

१. गेल्या पाच वर्षांचा नफा एका कागदावर लिहा. आठवणीतून नको, पासबुक आणि रिटर्न समोर ठेवून.
२. लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. मधल्या आकड्याला गोल करा.
३. दरमहा जाणारच असलेले सगळे खर्च आणि हप्ते मांडून बारा महिन्यांची बेरीज करा.
४. बेरीज गोलातल्या आकड्यापेक्षा जास्त असेल, तर नवीन हप्ता बंद. आधी जुना एक संपवा.
५. मधल्या वर्षाच्या वरचा पैसा वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊ नका.
६. सगळ्यात मोठ्या ग्राहकाचं नाव लिहा. तो उद्या थांबला तर मधलं वर्ष किती होईल, तेही काढा.

सहावा आकडा काढताना हात थोडा थांबेल. तरीही काढा, आणि घरच्यांसमोर बसून काढा. २०१९ मध्ये सगळ्यात महाग ठरलेल्या माणसालाही पुढच्या वर्षी मैदान बंद असेल हे माहीत नव्हतं. आपल्यालाही पुढचं वर्ष माहीत नाही. मधलं वर्ष मात्र आज संध्याकाळी काढता येतं.

काढून झालं की कमेंटमध्ये आकडा लिहू नका, फक्त 'झालं' एवढं लिहा. पुढच्या व्हिडिओत बघू, जुन्या ग्राहकाशी दराबद्दल कसं बोलायचं. तोवर, कामाला लागा!